परदेशात शाळेतल्या लेकरांचे खेळाचे तास घ्यायचे असतील तर मराठवाड्यातून काय तयारी करून जावं?

अंबाजोगाई_मैदान (धागाकर्ता)

बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) होऊन शाळेत जागा निघायची वाट बघत बसलेली पोरं-पोरी बीड, लातूर, धाराशिवकडं गावागणिक सापडतील. त्यातली बरीच आता पुढच्या शिक्षणाच्या निमित्तानं इंग्लंड, जर्मनीकडं निघालीत. "तिकडं शाळेत खेळाचे तास घ्यायचे, आपला खो-खो पक्का, कबड्डी पक्की, अडचण काय?" असा एकूण सूर. एजंटही माना डोलावतात.

माहितगारांनी नेमकं सांगावं. कागदपत्रं कोणती, तास कसा आखायचा, तिकडच्या शाळेत कशावरून बिनसतं, आणि निघायच्या आधी इथंच जिल्हा परिषदेच्या मैदानावर कशाचा सराव करता येईल. लेकरांचं वय 7 ते 11 धरा. "जाऊन बघा, जमेल" छापाचे प्रतिसाद नकोत.

गोदाकाठ

खेळाचं नंतर बघू, आधी व्हिसा.

इंग्लंडच्या स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा त्यावरचा अभ्यासक्रम असेल तर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम चालतं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच अटींत पुढं असंही आहे की व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करता येणार नाही, आणि स्वतःचा धंदाही करता येणार नाही. हे वाक्य एजंट वाचून दाखवत नाही. शाळा सुटल्यावरचे खेळाचे क्लब चालवणाऱ्या कंपन्या प्रशिक्षकाला पुष्कळदा 'सेल्फ-एम्प्लॉइड' म्हणून घेतात, म्हणजे एकाच कामात दोन अटी मोडल्या. "मी फुकट करतो" ही पळवाटही नाही, कारण नियमातल्या व्याख्येत पगारी आणि बिनपगारी दोन्ही येतात. व्याख्येत 'व्यावसायिक, निमव्यावसायिक पातळी' असे शब्द आहेत, तेव्हा प्राथमिक शाळेतला क्लब त्यात बसतो का यावर वाद घालता येईल. पण तो वाद व्हिसा धोक्यात आल्यावर घालण्यात अर्थ नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला कामाचं वर्णन पाठवा, उत्तर ईमेलवरच घ्या, जपून ठेवा.

टुरिस्ट व्हिसावर 'स्पोर्ट्स व्हॉलंटियर' म्हणून पाठवतो असं कुणी म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा. व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा एकूण 30 दिवसांपर्यंतच चालते, ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच, आणि जाण्याचं मुख्य कारण ती असता कामा नये. पूर्ण वेळ स्वयंसेवेसाठी चॅरिटी वर्कर व्हिसा वेगळा आहे. त्याला प्रायोजक संस्था लागते, मुदत जास्तीत जास्त 12 महिन्यांच्या आसपास, आणि काम बिनपगारी.

दुसरा कागद डीबीएस, म्हणजे तिकडची गुन्हेगारी नोंदींची तपासणी. लेकरांसोबत नियमित काम असेल तर 'एन्हान्स्ड' पातळीचा, मुलांसोबत काम करायला बंदी असलेल्यांच्या यादीच्या तपासणीसह. शाळेच्या किंवा संस्थेच्या नोकरीत असाल तर हा अर्ज तीच करते. तेव्हा "डीबीएस काढून देतो, इतके पैसे भरा" म्हणणाऱ्याला इथूनच रामराम. आणि डीबीएसमध्ये तिथल्या नोंदी असतात, भारतातल्या नाहीत. म्हणून शाळा भारतातला पोलीस क्लिअरन्स मागते. तो पासपोर्ट सेवा पोर्टलवरून निघतो. निघण्याआधीच काढून ठेवा. तिकडं गेल्यावर दूतावासामार्फत काढायचा म्हणजे जास्त वेळ, जास्त खेटे. पासपोर्टवरचा पत्ता एका तालुक्यातला आणि राहणं दुसऱ्या जिल्ह्यात, असं असेल तर पडताळणी हमखास रेंगाळते.

लातूर_पॅटर्न_नाही

म्हणजे स्टुडंट व्हिसावर शाळेत पायच ठेवायचा नाही का?

गोदाकाठ

@लातूर_पॅटर्न_नाही, तसं नाही. जेवणाच्या सुट्टीत मैदानावर देखरेख करणारी माणसं शाळा स्वतःच्या नोकरीत घेतात. काम साधारण तास-दीड तासाचं, प्रशिक्षकाचं नाही, देखरेखीचं. तिकडची लेकरं, त्यांची भाषा, शाळेची शिस्त समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. 20 तासांची मर्यादा त्यालाही लागूच. आणि हेही कक्षाला विचारूनच.

परभणी_ते_हॅम्बुर्ग

जर्मनीचं थोडक्यात. तिथं शाळा दुपारी सुटल्यावर खेळाचा कारभार बराचसा क्लबांकडं असतो. क्लबचा तास घेणाऱ्याकडं 'युबुंग्सलायटर सी' परवाना असला की दारं उघडतात. तो किमान 120 पाठ-घटकांचा, एक घटक 45 मिनिटांचा. म्हणजे 90 तास, पूर्ण जर्मनमध्ये. बी.पी.एड. आहे म्हणून तो आपोआप मिळत नाही.

27 वर्षं पूर्ण झालेली नसतील तर क्रीडा क्षेत्रातलं 'एफएसजे' हे स्वयंसेवेचं वर्ष चांगलं. साधारण 12 महिने, त्यात 25 दिवस प्रशिक्षणाचे, हातखर्चाला पैसे मिळतात, आणि याच काळात परवाना करून घेण्याची सोय असते. पण भाषा हवी. "सगळ्यांनी भिंतीला हात लावून परत या" हे पटकन, न चुकता, 25 लेकरांच्या गोंगाटात सांगता आलं पाहिजे. कागदावरची परीक्षा पास होणं वेगळं. चारित्र्याचा दाखला तिकडंही लागतो, त्याला 'विस्तारित' दाखला म्हणतात आणि तो स्थानिक पालिकेच्या कार्यालयातून मागवायचा.

शिट्टी_खिशात

कागदाचं झालं. आता तासाकडं वळू. आपल्याकडचा पीटीचा तास आणि तिकडचा तास यात मूळ फरक असा की आपण खेळ *शिकवतो* आणि निवडक पोरं खेळतात. तिकडं तुमच्याकडून अपेक्षा असते की वर्गातली तीसच्या तीस लेकरं बहुतेक वेळ हलत राहतील. जिल्हास्तरावर पदक आहे का हे कुणी विचारत नाही. शाळेचे शिक्षक कडेला उभे राहून एवढंच बघतात की किती लेकरं रांगेत उभी आहेत.

45 मिनिटांचा तास असा बसतो. पहिली 4 मिनिटं हजेरी, बुटाच्या नाड्या, दागिने. मग 7 मिनिटं वॉर्म-अप, तोही पळापळीचा खेळच. 12 मिनिटं एक कौशल्य, जोड्यांत किंवा चौघाचौघांत. 15 मिनिटं लहान संघांचा सामना. 4 मिनिटं सावकाश हालचाल आणि दोन प्रश्न. उरलेली 3 मिनिटं कुठं गेली म्हणाल तर ती सामान मांडण्यात जातात. ती आधीच हिशोबात धरली नाहीत तर सामना कापला जातो, आणि लेकरांना तोच हवा असतो.

कुठं बिघडतं:

सूचना लांबते. एका वेळी 30 ते 40 सेकंद, त्याहून जास्त नाही. जास्त सांगायचं असेल तर अर्धं सांगा, खेळ सुरू करा, दोन मिनिटांनी थांबवून उरलेलं सांगा. बोलताना चेंडू जमिनीवर, शक्यतो पायाखाली. हातात चेंडू असलेलं लेकरू तुमचं ऐकत नाही, तो टप्पा मारत बसतं.

उन्हाकडं तोंड तुमचं, लेकरांचं नाही. वारा असेल तर पाठ वाऱ्याला लेकरांची. आणि घोळक्याच्या मधोमध उभं राहू नका. कडेनं फिरा, म्हणजे पाठीमागं कुणी राहत नाही.

रांग. एका रांगेत चारपेक्षा जास्त लेकरं झाली की तास संपला समजा. थंडीत तर रांगेतलं लेकरू पाच मिनिटांत कुडकुडतं. आपल्याकडं मे महिन्यात सावलीत बसवणं ही दया असते. तिकडं नोव्हेंबरात उभं ठेवणं ही शिक्षा होते.

'आऊट' झाला की बाहेर बस, हा प्रकार टाळा. जो पळण्यात कच्चा तोच आधी बाहेर बसतो, म्हणजे ज्याला सरावाची गरज जास्त त्यालाच सराव कमी. आपल्या विष-अमृतात हे मुळातच सोडवलेलं आहे: विष मिळालं की जागेवर थांबा, अमृत मिळालं की सुटा. इंग्लंडमधली लेकरं हाच खेळ 'स्टक इन द मड' नावानं खेळतात. साखळी-साखळीही चालते, फक्त साखळी चौघांची झाली की तोडून दोन-दोनच्या दोन करा. दहा जणांची साखळी वळताना कडेचं लेकरू फेकलं जातं आणि डांबरावर तोंडावर आपटतं.

संघ पाडताना दोन कप्तान उभे करून "तू कुणाला घेतोस" असं नको. शेवटी उरणारं लेकरू दर वेळी तेच असतं. एक-दोन-एक-दोन मोजणंही चालतं, पण चलाख पोरं जागा बदलून दोस्ताशेजारी येतात. सोपा उपाय: जोडी करायला सांगा, मग जोडीतला एक लाल पट्टा, एक निळा.

मुक्काम_पोस्ट_नांदेड

उत्तम प्रतिसाद, वाचनखूण साठवली. पण एक पटलं नाही. तुमच्या नावातच आहे तसं शिट्टी खिशात ठेवून तीस पोरं कशी आवरायची? आपल्याकडं एक शिट्टी, "सावधान" म्हटलं की मैदान गप्प. शिस्तच नको असं म्हणणं आहे का?

शिट्टी_खिशात

@मुक्काम_पोस्ट_नांदेड, शिस्त हवीच, शिट्टी सामन्यापुरती. एकाच तासात पंचवीस वेळा शिट्टी वाजली की विसाव्या वेळेला कुणी मान वळवत नाही. शिवाय प्रत्येक वर्गात एखादं लेकरू आवाजाला घाबरणारं असतं, ते कान झाकून भिंतीकडं जातं. त्याऐवजी खूण करा: एक हात वर, दुसरा डोक्यावर. ज्याला दिसेल त्यानं तेच करायचं आणि गप्प व्हायचं. पहिल्या तासाला 20 सेकंद लागतात, तिसऱ्या-चौथ्या तासाला पाचसहा. ही खूण पहिल्याच तासात खेळ म्हणून घटवून घ्यायची: पळा, खूण, थांबा, परत पळा.

आणि उठाबशा, मैदानाला फेऱ्या, डोक्यावर हात ठेवून उभं करणं, यातलं काहीही शिक्षा म्हणून नाही. आपल्याकडंही शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेला बंदी आहेच, हे विसरायला होतं. तिकडं पहिल्याच वेळी तक्रार होते आणि दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नाही. त्याऐवजी: एकदा नावानं समज, दुसऱ्यांदा दोन मिनिटं कडेला बसवणं (नजरेसमोर), तिसऱ्यांदा वर्गशिक्षकाकडं. दोन मिनिटं म्हणजे दोनच. विसरून दहा मिनिटं बसवलं की त्या लेकराशी पुढचा महिना वाकडं.

पांढरी_फक्की

इथं सराव कसा करायचा ते सांगतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घालायला सांगा. शाळेचे एक शिक्षक पूर्ण वेळ मैदानावर हवेत ही अट तुम्हीच घाला. तिकडं हीच पद्धत असते, सवय इथून लागलेली बरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळचा परिपाठ झाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेत साडेआठच्या आत. त्यानंतर आपल्याकडची जमीन तापते आणि अनवाणी लेकरांचे पाय भाजतात. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीवर आठ-दहा दिवस तास धरूच नका. चिखलात बूट रुतून गुडघा मुरगळतो, आणि उन्हाळ्यातल्या भेगांत घोटा.

मैदान फिरून बघणं हा पाठ. आपल्याकडं बाभळीचे काटे, तारेचे तुकडे, हातपंपाच्या बाजूचं शेवाळ. तिकडं ओली पानं, फुटकी काच, कुत्र्याची घाण, सशांची बिळं आणि न बांधलेले गोलपोस्ट. हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. सुटा गोलपोस्ट लेकरू लोंबकळलं की पुढं पडतो. वजन किंवा खुंटा नसेल तर त्याच्या जवळ खेळ मांडायचा नाही, सरळ जमिनीवर आडवा करून ठेवायला शाळेला सांगायचं.

सामान विकत घ्यायची गरज नाही. पाण्याच्या बाटल्या मधोमध कापून वरचा भाग तोंड वर करून ठेवला की कोन झाला (कडा मेणबत्तीवर मऊ करून घ्या, नाहीतर हात कापतो). जुन्या ओढणीच्या 60 सेंटीमीटर लांब, 5 सेंटीमीटर रुंद पट्ट्या म्हणजे संघाचे पट्टे. मोज्यात चिंध्या कोंबून चेंडू. फक्कीनं 20 बाय 12 मीटरचा चौकोन आखा आणि त्यातच तीस लेकरांचा तास घ्या. सगळं मैदान मोकळं असलं तरी बाहेर जायचं नाही, कारण तिकडच्या पुष्कळ शाळांत तुम्हाला हॉल मिळणार आहे, मैदान नाही.

मोजणी अशी: एका मित्राला मोबाइलचं स्टॉपवॉच देऊन एकच लेकरू बघायला सांगा, सगळ्यात अबोल असेल ते. ते हलत असेल तेव्हा घड्याळ चालू, उभं राहिलं की बंद. 45 पैकी 22-23 मिनिटांच्या खाली आलं तर तास फसला. पहिल्या तासाला आकडा 12-13 निघाला तर नवल वाटून घेऊ नका, वेळ सूचनांत आणि रांगेत गेलेला असतो.

हे तास इंग्रजीत घ्यायचे? लेकरांसाठी मराठीत, सूचना मात्र आदल्या रात्री इंग्रजीत लिहून, मोठ्यानं म्हणून, आठ शब्दांच्या आत बसवून ठेवायच्या.

चौथा_खो

खो-खो नेणार म्हणताय तर नीट न्या. पहिला खो-खो विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झाला, त्यात इंग्लंडचाही संघ होता आणि पुरुष-महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. तेव्हा शाळेला सांगायला निमित्त चांगलं आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 चा अर्जुन पुरस्कार आहे, हेही एका ओळीत सांगून टाका. मुलींच्या वर्गात फरक पडतो.

पण नियमांचा खो-खो तीस लेकरांना देऊ नका. नऊ पाठलाग करणारे, तीन पळणारे, म्हणजे बारा. उरलेले अठरा काय करणार? तीन मैदानं करा, प्रत्येकात दहा: सहा बसलेले, एक उभा, तीन पळणारे.

जागा कुठून आणायची? इंग्लंडच्या पुष्कळ शाळांच्या डांबरी अंगणात नेटबॉलचं मैदान रंगवलेलं असतं, 30.5 बाय 15.25 मीटर. त्याचे आडवे तीन भाग आधीच आखलेले असतात, प्रत्येक जवळजवळ 10 बाय 15. त्या प्रत्येक भागात 13 बाय 8 चं मैदान खडूनं आखा. शेजारच्या मैदानांत दोन मीटरचं अंतर आपोआप राहतं आणि पळणारी लेकरं एकमेकांवर आदळत नाहीत. मधली रेघ 13 मीटरची, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर मोकळे सोडा, उरलेल्या 9 मीटरमध्ये सहा जागा, म्हणजे दोघांत 1.8 मीटर. खांब रोवायचे नाहीत, नेटबॉलचा लोखंडी खांब तर अजिबात धरायचा नाही. टोकाला उंच मऊ कोन पुरे.

बसणं हा मोठा घोळ. आपल्या लेकरांना उकिडवं बसायची सवय असते. तिकडच्या कितीतरी लेकरांची टाच जमिनीला टेकत नाही, ती मागं कोलमडतात. डांबर ओलं आणि गार असतं ते वेगळंच. म्हणून पहिले दोन तास उभ्यानं: हात पाठीमागं, पाय जुळलेले. पाय फाकवून उभं राहिलेल्याच्या पायात पळणारा अडकतो. तिसऱ्या तासाला एक गुडघा टेकून, खाली रबरी गोल चकती.

खो देणं. इथं सगळ्यात जास्त पडझड होते. जोशात पाठीवर ढकललं जातं आणि बसलेलं लेकरू तळहातावर पडतं. उघडा पंजा, खांद्याच्या खाली, कमरेच्या वर, *स्पर्श*. आधी आवाज, मग स्पर्श, आणि दोन्ही झाल्याशिवाय उठायचं नाही. हे जोडीजोडीत दोन मिनिटं घटवून घ्या. ज्या लेकराला स्पर्श नको असेल त्याला हातात छोटी पुरचुंडी द्यायची पद्धत ठेवा, बीनबॅग तिकडं प्रत्येक शाळेत असते.

नियम एकदम ओतू नका. पहिल्यांदा नुसतं रेघेभोवती पळणं, पाठलाग करणाऱ्यानं रेघ ओलांडायची नाही. मग खो. मग एकआड एक उलटी तोंडं. दिशा न बदलण्याचा नियम सगळ्यात शेवटी, दुसऱ्या आठवड्याला. तो आधी दिला की लेकरू गोंधळून जागेवर उभं राहतं आणि पळणारे हसायला लागतात.

पाळी 90 सेकंदांची. तीन-तीन जण पळाले की तीन पाळ्यांत नऊ झाले. दहावं लेकरू राहतं! चौथ्या पाळीत त्याच्याबरोबर दोघं हौशी पुन्हा पळतील. दहावं विसरलात तर घरी गेल्यावर ते लेकरू आईला तेवढंच सांगेल. चार पाळ्या आणि अदलाबदल धरून आठ मिनिटं लागतात.

कबड्डी_कबड्डी

@चौथा_खो यांना अनुमोदन. कबड्डीचं त्याच धर्तीवर: डांबरावर किंवा लाकडी फरशीवर पकड बंद. शाळेत टॅग रग्बीचे पट्टे असतात, कमरेला दोन फिती. चढाईवाला बचाववाल्याची फीत ओढतो, बचाववाले त्याची. 8 बाय 6 चं मैदान, पाच विरुद्ध पाच. चढाई 30 नाही, 12 सेकंदांची. श्वास रोखून म्हणायला लावू नका, दम्याची लेकरं वर्गागणिक असतात. नुसतं मोठ्यानं म्हणत राहिलं की झालं. घोटापकड, साखळीपकड तर नावही काढू नका, एकानं दाखवली की सगळे करून बघतात.

हिंगोली_एक्सप्रेस

दम्याचं निघालंच आहे तर आजारपणाचं सविस्तर कुणी लिहील का? आणि ते 'सेफगार्डिंग' म्हणतात ते नक्की काय?

कडेचा_डबा

आधी आजारपण. तास सुरू व्हायच्या आधी शिक्षकाला तीन प्रश्न: दमा कुणाला, ॲलर्जी कुणाला, औषध *आत्ता* कुठं आहे. "ऑफिसात आहे" हे उत्तर मैदान लांब असेल तर चालत नाही, डबा कडेला आणून ठेवायचा. निळा इनहेलर तातडीचा. दम लागला तर लेकराला बसवा, आडवं करू नका. दर 30 ते 60 सेकंदांनी एक पफ, जास्तीत जास्त दहा. आराम नाही, किंवा मधेच बिघडतंय असं वाटलं, तर 999 ला फोन. युरोपात 112.

ॲलर्जीचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मग लगेच फोन, लेकरू आडवं, पाय उंच. पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरं इंजेक्शन. हे वाचून येत नाही, प्रथमोपचाराचा वर्ग करा. लहान मुलांसाठीचा 12 तासांचा असतो. आणि निरोपाला शेंगदाण्याची चिक्की वर्गात वाटू नका. माया कळते, पण पुष्कळ शाळांत शेंगदाणा दाराच्या आतच येत नाही.

डोक्याला मार: शुद्ध गेली नाही तरी शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. एप्रिल 2023 च्या ब्रिटिश मार्गदर्शनानुसार सामन्यात परतणं 21 दिवसांच्या आत नाही. "पाणी मार, ऊठ, खेळ" हे आपलं औषध तिथं चालत नाही, आणि इथंही बंद व्हायला हवं. फुटबॉलमध्ये प्राथमिक वयाच्या लेकरांना सरावात हेडर शिकवायचा नाही, हे फेब्रुवारी 2020 पासूनचं मार्गदर्शन आहे.

आता सेफगार्डिंग, म्हणजे लेकराला इजा, छळ, दुर्लक्ष यापासून जपायची पद्धत. प्रत्येक शाळेत यासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमलेली असते. पहिल्या दिवशी नाव आणि चेहरा माहीत करून घ्या. लेकरानं घरची काही गोष्ट सांगितली, किंवा अंगावर वळ दिसले, तर: ऐकून घ्या, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, खोदून विचारू नका ("बाबांनी मारलं का?" हा प्रश्न चुकीचा), लेकराचे शब्द जसेच्या तसे लिहा, वेळ घाला, त्याच दिवशी त्या व्यक्तीकडं द्या. सहकाऱ्यांत चर्चा नाही, पालकांना फोन नाही.

रोजच्या वागण्यातलं: बंद खोलीत एकट्या लेकराबरोबर राहायचं नाही. कपडे बदलायच्या खोलीत जायचं नाही. बॅट धरायला शिकवताना हात धरायचा असेल तर आधी विचारायचं, सगळ्यांसमोर धरायचा. फोन कपाटात; तासाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला की तोच शेवटचा तास. कौतुकानं गालगुच्चा, पाठीत धपाटा, "ए जाड्या" असली हाक, आपल्याकडं जीव लावणं म्हणतात त्यातलं बरंच काही तिकडं तक्रार ठरतं.

एका मोठ्या माणसामागं लेकरं किती? मुलांच्या हितासाठी काम करणाऱ्या एनएसपीसीसी या ब्रिटिश संस्थेची शिफारस 4 ते 8 वयाला सहा, 9 ते 12 ला आठ, 13 ते 18 ला दहा. शाळेच्या वेळेत वर्गशिक्षक सोबत असतात म्हणून तीसचा वर्ग चालतो. ते "कॉफी घेऊन येतो" म्हणाले तर हसून नको म्हणायचं.

मुक्काम_पोस्ट_नांदेड

शीख लेकरांच्या कड्याचं काय? नांदेडकर म्हणून विचारतोय. बाकी दागिने काढा म्हणता येतं, कडं काढ कसं म्हणायचं?

कडेचा_डबा

म्हणायचंच नाही. मनगटपट्टा वरून चढवायचा, घाम टिपायचा असतो तो, म्हणजे कडं झाकलं जातं आणि दुसऱ्याला लागत नाही. पटका आहे तसा. हिजाबला टाचण्या असतील तेवढ्या काढायला सांगायच्या, खेळाचा हिजाब बिनटाचणीचा मिळतो. कानातलं निघत नसेल तर वरून चिकटपट्टी. शाळेचा स्वतःचा नियम असतोच, तो आधी विचारा.

लातूर_पॅटर्न_नाही

आणि व्हीलचेअरवरचं लेकरू असेल तर त्याला स्कोअर लिहायला बसवावं का?

शिट्टी_खिशात

@लातूर_पॅटर्न_नाही, नाही! सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तिकडं चार बाजूंनी विचार करायला शिकवतात: जागा, काम, साहित्य, माणसं. एका वेळी एक बदला. विष-अमृतात त्या लेकरासाठी 3 मीटर रुंदीची पट्टी राखून ठेवा, तिथं दुसऱ्यानं पळायचं नाही, चालायचं (जागा). किंवा हातानं शिवण्याऐवजी लांब फोमच्या नळीनं शिवायचं, ती पोहण्याच्या तलावावर असते (साहित्य). हे सगळ्यांनाच दिलं तर कुणी वेगळं दिसत नाही. आणि काय हवं ते आधी त्या लेकरालाच विचारा, त्याच्याकडं तुमच्यापेक्षा चांगली युक्ती असते.

जालना_लेगस्पिन

क्रिकेटचं कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडंसं. प्राथमिकला कडक चेंडू नकोच. मोठ्यांना दिलात तर इंग्लंडमध्ये 18 खालच्या फलंदाजाला हेल्मेट सक्तीचं, विकेटकीपर स्टंपजवळ उभा असेल तर त्यालाही. क्षेत्ररक्षक 13 खालचा असेल तर मधल्या स्टंपपासून 11 यार्डांच्या आत नको, 15 खालचा असेल तर 8 यार्डांच्या, ऑफला विकेटच्या मागं उभा असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या गल्ली क्रिकेटमधला 'सिली' उभा करायचा मोह आवरा. आणि एकानं बॅटिंग, एकानं बोलिंग, अठ्ठावीस जण आभाळ बघताहेत असं मैदान मांडू नका. सहा-सहाचे पाच गट, प्रत्येकाला एक बॅट, एक मऊ चेंडू, सगळ्या गटांची मारायची दिशा एकच आणि बाहेरच्या बाजूला.

अंबाजोगाई_मैदान (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. तिघाचौघांना हा धागा पाठवला, दोघांनी व्हिसाच्या अटी उघडून वाचल्या आणि एजंटला फोन लावलाय. एकच राहिलं: पाऊस. तिकडं पावसाचा नेम नाही म्हणतात. हॉल मिळतो असं @पांढरी_फक्की म्हणाले, पण मिळालाच नाही तर?

पांढरी_फक्की

हॉलचं आधीच विचारून ठेवायचं, कारण बऱ्याच प्राथमिक शाळांत तोच हॉल जेवणाचा. साडेअकरापासून टेबलं मांडली जातात, दीडपर्यंत आवराआवर. लगेच नंतरचा तास असेल तर फरशीवर सांडलेलं असतं, एक फेरी मारून ओलं पुसून घ्या. मोजे घालून पळू द्यायचं नाही. बूट, नाहीतर अनवाणी.

हॉल नाहीच मिळाला तर वर्गातल्या वर्गात 25 मिनिटांचा तास तयार हवा. खुर्च्या आत, दप्तरं टेबलाखाली. जोडीला एक मोज्याचा चेंडू, उभ्या जागी झेल: दोन हात, एक हात, टाळी वाजवून झेल, डोळे मिटून वळून झेल. मग लंगडी जागच्या जागी, डावा पाय 20 सेकंद, उजवा 20, त्यात शेजाऱ्याशी चेंडूची देवाणघेवाण. पळायचं काहीही नाही, पडलं की टेबलाचे कोपरे लेकरांच्या कपाळाला लागतात. हा तास एका कागदावर लिहून पहिल्या दिवसापासून पिशवीत ठेवा, खडूच्या डब्याखाली.